हेही पाहा: रिकव्हर(८)

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. जानेवारीतच सुरू करणार होतो, पण तेव्हा मनासारखं पेन नव्हतं. फेब्रुवारी मुळात तोकडा महिना, त्यात काही सुरू करण्यात अर्थ नाही.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कोल्ड स्टोरेज चालवायचं जे सॉफ्टवेअर आमची कंपनी विकते, त्याच्या मॅन्युअलचं एकच पान बाकी आहे म्हणाले. पानाचं नाव रिकव्हर(८). लाइट जाऊन आली की मशीन पुन्हा कसं चालू करायचं, एवढंच त्यात लिहायचं. महिनाअखेरीला मॅन्युअल छापील स्वरूपात जाणार. ते पान मी वेळेत दिलं तर माझं डॉक्युमेंटेशनचं टेबल राहील. नाही दिलं तर, असं म्हणून ते फोनकडे बघत बसले. वाक्य पुरं केलं नाही. माझ्याबद्दल आदर आहे त्यांना, त्यामुळे जड जातं.

एक पान. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्या डाव्या हातचा मळ. उद्या सकाळी ताज्या डोक्याने बसतो.

४ मार्च, मंगळवार

लिहायला बसण्याआधी बाकीचं मॅन्युअल सहज चाळलं आणि हादरलो. एका पानातून दुसऱ्या पानाकडे बोट दाखवायचं असतं, त्याला आम्ही संदर्भ म्हणतो. तो कुठे तिरक्या अक्षरांत, कुठे जाड, कुठे नुसताच. कंस कुठे नावाला चिकटून, कुठे भांडण झाल्यासारखा लांब. हे सगळं माझ्याच टेबलावरून गेलेलं आहे, पण तेव्हा कामं फार होती.

नियम साधा आहे. नाव जाड. कंस बारीक, कंसातला आकडाही बारीक. मध्ये जागा नाही. आकडा म्हणजे मॅन्युअलचा विभाग. १ म्हणजे रोजच्या कमांड, ५ म्हणजे फायली, ८ म्हणजे मशीन सांभाळणाऱ्यासाठी. प्रत्येक पानाच्या तळाशी 'हेही पाहा' असतं. तिथे आधी आकड्यांचा क्रम, मग अक्षरांचा. स्वल्पविराम बारीक. आणि शेवटी पूर्णविराम नाही. पूर्णविराम दिला की माणूस थांबतो, आपल्याला तर त्याला पुढच्या पानावर पाठवायचं असतं. हे वाक्य माझं स्वतःचं. कुठेतरी वापरायला हवं.

शेजारच्या टेबलावर एक चष्मेवाली आली आहे, नवीनच. हुशार आहे म्हणतात. ती म्हणाली, आता नवी सोय आहे, आपण फक्त 'हा संदर्भ' एवढं सांगायचं, जाड की तिरका ते वाचणाऱ्याचं मशीन ठरवतं. मी विचारलं, मग लिहिणाऱ्याने करायचं काय. ती म्हणाली, लिहायचं. आणि कानात इअरफोन घालून कामाला लागली. निरुत्तर झाली बिचारी.

ठरलं. आधी संदर्भ, मग रिकव्हर(८). पाया पक्का हवा.

५ मार्च, बुधवार

हिच्या बदलीची ऑर्डर आली. ही पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. आता दुसऱ्या गावच्या लॅबची मुख्य म्हणून बोलावलंय. प्रमोशनच आहे. जायला अख्खा दिवस लागतो. हो की नाही ते वीस तारखेपर्यंत कळवायचं.

ही म्हणाली, तुमचं टेबल राहणार असेल तर मी नाही म्हणून कळवते, आपलं इथलं बरं चाललंय. पण काय ते नक्की सांगा, मोघम नको. मी म्हटलं, निर्धास्त राहा, एक पान तर आहे. ही म्हणाली, मग लिहून टाका ना. हिला डॉक्युमेंटेशन कळत नाही. तसं बोललो मात्र नाही, कारण समोर गरम आमटी होती.

६ मार्च, गुरुवार

आज रिकव्हर(८) ला हात घातला. वरती नाव टाइप केलं. नाव जाड, कंस बारीक. लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. देखणं दिसतंय. मग खाली 'हेही पाहा' असं टाइप केलं. आता वर आणि खाली दोन्ही तयार, फक्त मधला भाग राहिला. म्हणजे दोन तृतीयांश झालं.

७ मार्च, शुक्रवार

मधल्या भागासाठी मूड लागला नाही. चाळीस पानांचे संदर्भ सरळ केले. मान धरली आहे. त्यागाशिवाय काही मिळत नाही.

१० मार्च, सोमवार

काल रविवारी बाल्कनीत कपडे वाळत घालताना ही बराच वेळ बोलली. बदलीबद्दलच. आधी म्हणाली, तुम्हाला एक विचारायचंय, नीट ऐका. मी चिमट्यांचा डबा धरून उभा होतो. नीटच ऐकत होतो, पण त्याच वेळी डोक्यात आलं की कंसानंतरचा स्वल्पविराम जाड नावाच्या वजनाचा घ्यायचा की बारीक आकड्याच्या. हा प्रश्न मला आधी पडलाच कसा नाही. मी हिला हं म्हटलं. ही म्हणाली, हं म्हणजे काय. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

बोलणं महत्त्वाचं होतं. शब्द न् शब्द उतरवून ठेवावा असं. सविस्तर: पाहा ९ मार्च

(९ मार्चला काही लिहिलं नव्हतं, पण पान सोडलेलं आहे. वरती तारीख घालून दोनदा गिरवली, जाड दिसावी म्हणून. सवडीने भरतो.)

स्वल्पविराम बारीकच.

११ मार्च, मंगळवार

संदर्भांचे नियम एका मेलमध्ये लिहून अख्ख्या ऑफिसला पाठवले. साहेबांनी अंगठा पाठवला. एकच अंगठा, पण लगेच. बाकी कुणाचं उत्तर नाही. लोक पचवतायत.

१३ मार्च, गुरुवार

एकेक संदर्भ हाताने सरळ करणं म्हणजे वेळेचा अपव्यय. माझ्यासारख्याने बुद्धी वापरायला हवी. एका झटक्यात सगळं मॅन्युअल बदलणारी कमांड लिहिली. जिथे कंस दिसेल तिथे त्याच्या आधीचा शब्द जाड, मधली जागा रद्द. एंटर दाबलं आणि चहा घ्यायला गेलो.

परत आलो तर चष्मेवाली तोंडावर हात धरून बसलेली. मॅन्युअलमध्ये साध्या वाक्यांतही कंस असतात हे लक्षात राहिलं नव्हतं. 'दार (लोखंडी) नीट लावा' याचं दार जाड होऊन लोखंडीला चिकटलं होतं. 'धूर दिसल्यास (कितीही थोडा) बाहेर पडा' यात दिसल्यास जाड. सगळं मॅन्युअल कुणावर तरी ओरडतंय असं दिसत होतं. शिवाय माझे सरळ केलेले संदर्भ त्यात कुठे गेले कळेना.

तिने काल संध्याकाळची कॉपी काढून सगळं पूर्ववत केलं. मनातल्या मनात आभार मानले. मोठ्याने मानले असते तर डोक्यावर बसली असती.

तिने विचारलं, रिकव्हर कुठपर्यंत आलं. मी म्हटलं, दोन तृतीयांश.

१५ मार्च, शनिवार

मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ, त्याचं नळ-फिटिंगचं दुकान आहे. आडपडदा नाही माणसाला. विचारतो, दाजी, नोकरी राहतेय का, नसेल तर काउंटरला माणूस हवाय, घरचाच असला तर बरा. मी मनमुराद हसलो. तो हसला नाही.

किचनमधला नळ गळतोय, त्याबद्दलही सांगितलं. म्हणाला वायसर गेला असेल, दुकानातून घेऊन जा. सोमवारी आणतो. तोवर सोय म्हणून नळाला एक चिठ्ठी अडकवली: गळती वाढल्यास पाहा मेन व्हॉल्व्ह. ही म्हणाली, मेन व्हॉल्व्ह कुठाय. मी म्हटलं, तिथेही चिठ्ठी लावणार आहे. ही म्हणाली, कुठे पण. जिन्याखाली असावा. की गच्चीत.

१७ मार्च, सोमवार

आज अभिमानाचा दिवस. सगळ्या मॅन्युअलमध्ये कोणत्या पानाकडे सर्वांत जास्त बोटं दाखवलीत ते शोधलं. रिकव्हर(८). बहुतेक प्रत्येक पानाच्या तळाशी तेच. लाइट गेल्यास पाहा रिकव्हर(८). पंखा थांबल्यास पाहा रिकव्हर(८). काहीच कळेनासं झाल्यास पाहा रिकव्हर(८). अजून लिहिलेलंही नाही आणि एवढा मान.

असं पान घाईत उरकणं योग्य नाही, हे साहेबांनाही पटेल.

वायसर राहिला.

१८ मार्च, मंगळवार

जेवताना हिने विचारलं, रविवारी विचारलं होतं त्याचं काय ठरवलंत. आधीच्या रविवारबद्दल बोलत होती. मी म्हटलं, नोंद केलीय. ही म्हणाली, नोंद नको, उत्तर हवंय. मी म्हटलं, अगं, त्याच नोंदीवरून उत्तर द्यायचंय. हिने ताट उचललं. माझं अर्धं जेवण व्हायचं होतं, तरी माझंही उचललं.

परवा वीस तारीख. उद्या काहीही झालं तरी रिकव्हर(८) पुरं. रजा घेऊन घरी बसून लिहायचं. ठाम निश्चय.

१९ मार्च, बुधवार

रजा मिळाली. घरी शांतता. म्हणूनच झोप लागली. उठल्यावर पहिलं वाक्य लिहिलं: मशीन बंद पडल्यास घाबरू नये. वाचून मलाच धीर आला. दुसऱ्या वाक्यात काय करायचं ते यायला हवं, आणि ते मला नक्की माहीत नाही असं लक्षात आलं. मशीनला मी कधी हात लावलेला नाही. चष्मेवालीला विचारता येईल. पण तिला विचारायचं म्हणजे कसं दिसेल ते.

संध्याकाळी हिला म्हटलं, पहिलं वाक्य झालं. हिने एवढंच विचारलं, म्हणजे टेबल राहणार का नाही. मी म्हटलं, तत्त्वतः राहणार.

२० मार्च, गुरुवार

निघताना ही दारात म्हणाली, दुपारपर्यंत थांबते, फोन करा, काहीही सांगा पण सांगा. मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं.

ऑफिसात एका पानावर विभाग ५ चा संदर्भ विभाग १ च्या आधी लागलेला दिसला. तो हलवला तर खालचे सगळे हलले. ते बसवेपर्यंत चार वाजले. फोन केला. हिने दुपारी होकार कळवून टाकला होता. आवाज शांत होता. मला वाटतं चिडलेली नसावी.

अजून बिघडलेलं नाही. पान झालं, टेबल राहिलं, की ही तिकडे नकार कळवेल. ऑर्डरी रद्द होत असतात.

२४ मार्च, सोमवार

आजचं सगळं लिहून ठेवतो, कारण उद्या लोक वेगळंच सांगतील.

दुपारी एका कोल्ड स्टोरेजच्या ऑपरेटरबाईंचा फोन आला. आत बटाटे, लाइट जाऊन आलेली, मशीन बंदच. बाईंकडे मॅन्युअलची कच्ची कॉपी स्क्रीनवर होती. त्यांनी एक पान उघडलं, तळाशी पाहा रिकव्हर(८). दुसरं उघडलं, पाहा रिकव्हर(८). म्हणून रिकव्हर उघडलं, तर वरती नाव, मग मशीन बंद पडल्यास घाबरू नये, आणि खाली हेही पाहा. त्यापुढे काही नाही. बाई म्हणाल्या, मी घाबरलेली नाहीये हो, पण आत ऊब वाढतेय, करू काय.

मी शांतपणे विचारलं, संदर्भातलं नाव तुम्हाला जाड दिसतंय ना. म्हटलं संधी आहे, प्रत्यक्ष वाचणाऱ्याकडून कळेल. बाईंनी स्क्रीनजवळ जाऊन पाहिलं असावं. मग म्हणाल्या, आमच्याकडे जुना स्क्रीन आहे, सगळी अक्षरं एकसारखीच दिसतात.

सगळी. एकसारखी.

तेवढ्यात चष्मेवालीने माझ्या हातातून फोन घेतला. चक्क काढूनच घेतला. आधी कुठलं बटण, मग किती थांबायचं, कुठला आकडा दिसला की पुढे जायचं, असं एकेक सांगत गेली आणि सांगता सांगता डाव्या हाताने टाइप करत गेली. पलीकडे मशीन सुरू झाल्याचा आवाज मलाही ऐकू आला. बाई हसत होत्या. मी बराच वेळ खुर्चीच्या मागे उभा होतो, कारण खुर्चीत ती बसली होती.

चहाच्या वेळेपर्यंत तिने टाइप केलेलं म्हणजे रिकव्हर(८) झालं होतं. साहेबांनी मोबाइलवर वाचलं, मान डोलावली. मी लक्षात आणून दिलं की त्यात 'हेही पाहा' नाहीच. ती म्हणाली, गरज नाही, सगळं इथेच आहे.

२५ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. आज वाक्य पुरं केलं.

महिनाअखेरपर्यंत यायचं, चष्मेवालीला सगळं समजावून द्यायचं. तिला समजावण्यासारखं माझ्याकडे काय आहे ते शोधत बसलो. संदर्भांचे नियम दिले. तिने आदराने घेतले, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवले. वाईट नाही पोरगी. मला तिच्याशी नीट बोलता आलं असतं.

२७ मार्च, गुरुवार

हिला ऑफिसचं सांगितलं. वाटलं होतं काहीतरी बोलेल. म्हणाली, मला कळलं होतं, भावाने विचारलं तेव्हाच. मग उठून माझ्यासाठी चहा केला. साखर बरोबर माझ्या मापाची. अशा वेळी चहा गोड लागू नये असं वाटतं, पण लागला.

२९ मार्च, शनिवार

मेहुणा टेंपो घेऊन आला. हिने फार काही नेलं नाही. लहान कुकर, दोन चादरी, कपडे, पुस्तकं. मी खोक्यांवर लेबलं लावायला घेतली. पहिल्यावर लिहिलं: झाकणं, पाहा खोका तीन. ही म्हणाली, राहू द्या, मला माहितेय कशात काय आहे.

मेहुणा खाली गेला. ही दारात जरा वेळ उभी राहिली. पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. म्हणाली, मी विचारलं होतं ते आता धरून बसू नका, आता उत्तर नको. मी म्हटलं, पोचलीस की फोन कर. आणखीही काही म्हणायचं होतं. ते काय हे ठरेपर्यंत टेंपो वळला.

३० मार्च, रविवार

फोन आला. पोचली. खोलीला खिडकी आहे म्हणाली. दोन माणसांना पुरेल एवढी आहे, हेही म्हणाली, पण लगेच विषय बदलून नळाचं विचारलं. मी म्हटलं, सोमवारी वायसर आणतो.

३१ मार्च, सोमवार

शेवटचा दिवस. केक आणला होता. चष्मेवालीने कापला, कारण सुरी तिच्याकडे होती. मॅन्युअल छापायला गेलं. साहेबांनी सांगितलं की छपाईवाल्याने खर्च वाचवायला सगळं एकाच वजनाच्या अक्षरांत घेतलंय. मी म्हटलं, ठीक आहे. खरंच काही वाटलं नाही.

उद्यापासून मेहुण्याच्या काउंटरवर. येताना तिथून वायसर घेतला. चुकीच्या मापाचा निघाला.

घरी आलो. नळाखाली पातेलं भरून वाहत होतं. ते ओतलं आणि ओट्याशी उभा असताना अचानक ठरवलं. हिला आजच, आत्ताच उत्तर द्यायचं. नको म्हणाली तरी द्यायचं. कालढकल बंद. काय असेल ते सरळ हो म्हणून टाकायचं. एवढ्या वर्षांत हिने माझ्याकडे असं थांबवून, नीट ऐका म्हणून कधी काही विचारलेलं नव्हतं. मला ही हवी आहे. घरात फार शांत वाटतंय.

फोन हातात घेतला. मग वाटलं, आधी प्रश्न नेमका काय होता ते पाहू. माझ्याबरोबर याल का, असं होतं? की जाऊ का, असं? एकाला हो म्हणायचं तर दुसऱ्याला नाही म्हणायला हवं. उलटसुलट झालं तर फोन करून मीच तिला जा म्हणालो असं व्हायचं. हिचे नेमके शब्द हवेत. चिमट्यांचा डबा आठवतो. हिच्या ओल्या हातातली निळी चादर आठवते. शब्द आठवत नाहीत. खूप वेळ आठवून पाहिलं. खरंच आठवत नाहीत.

रोजनिशी उघडली. १० मार्च. बोलणं महत्त्वाचं होतं. सविस्तर: पाहा ९ मार्च.

एक पान मागे गेलो. वरती तारीख आहे. जाड, दोनदा गिरवलेली. पुढे पूर्णविराम नाही. खाली सगळं पान कोरं